पिवळ्याचे नऊ दिवस

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझी टाकी माझ्या दवाखान्यात येऊन आज आठ महिने झाले आणि अजून एकही मासा मेलेला नाही. हे मी मुद्दाम पहिल्याच ओळीत लिहिलं. माझं पत्र आलं की उघडायच्या आधी तू बसायला खुर्ची शोधतोस, असं आई सांगत होती.

ठसकेबाई ठणठणीत आहेत. मामीने नाव अगदी जोखून ठेवलं होतं. काच पुसायला हात घातला की केशरी अंगावरचे ते तीन पांढरे पट्टे तरातरा येतात आणि अंगठ्याला चावतात. एकोणीस वर्षांचं वय काही आड येत नाही. निळे जुळे त्यांना वचकून असतात. कोळंबी दगडाखालून मिशा तेवढ्या बाहेर काढून बसते. पेशंट बसतात त्या खोलीत टीव्ही होता, तिथे आता टाकी आहे. पोरं आत यायला तयार होत नाहीत ती पूर्वी भीतीने, आता माशांमुळे. काउंटरवाल्या ताई म्हणाल्या, डॉक्टर, आपला दवाखाना आहे की मत्स्यालय? मी म्हटलं, मामाने चौतीस वर्षं मत्स्यालयात काढली, थोडं रक्तात येणारच.

हे फोनवर सांगितलं असतं, पण मागच्या वेळी मी 'पंप' म्हणाले आणि तू अर्धा तास पंख्याबद्दल बोललास. पत्रच बरं.

आता कामाचं. माझ्याकडे एक आठ वर्षांची मुलगी येते. खालची दाढ किडून पोखरलीय, आणि ती तोंड उघडत नाही. म्हणजे बोलायला उघडते, भरपूर उघडते, पण माझ्या खुर्चीत बसली की ओठ असे आवळते की ताईंनी तिचं नाव कुलूप ठेवलंय. परवा तासभर बसवली, काही नाही. जाताना टाकीसमोर थांबली आणि म्हणाली, यात पिवळा का नाही? मी म्हटलं, आणू. ती म्हणाली, आणलास तर तोंड उघडीन.

दुकानात एक पिवळा आहे. हाताच्या पंजाएवढा, चपटा, लिंबासारखा पिवळाधमक. आणू का?

तुझी,
भाची

१० फेब्रुवारी

प्रिय दातवालीबाई,

खुर्ची शोधत नाही, खुर्चीतच बसलेला असतो. तुझ्या आईला सांग.

पिवळा आण. पण ठसकेबाईंच्या टाकीत घालायचा नाही. आधी सहा आठवडे वेगळा. हे तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण माहीत असलेल्या गोष्टीच माणूस सोडून देतो.

दुकानातला मासा समुद्रातून तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर चार-पाच ठिकाणचं पाणी बघून आलेला असतो. वाटेत शेजारी कोण होतं, त्याला काय झालं होतं, हे तो सांगत नाही. दिसायला चांगला असतो. रोग अंगात घेऊन आठ-दहा दिवस चांगलाच दिसतो. पिवळ्यांना तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग लवकर धरतो. म्हणून एक लहान टाकी घे. तळाला वाळू नको, दगड नको, नुसती काच. लपायला नळाच्या पाइपचे दोन तुकडे टाक, नाहीतर बिचारा घाबरून कोपऱ्यात थिजून राहतो. पाणी गरम ठेवायचा रॉड वेगळा. हवेवर चालणारा स्पंज आत्ताच मोठ्या टाकीत दोन आठवडे बुडवून ठेव म्हणजे त्यात घाण पचवणारे जंतू बसतील. तेवढं थांबवत नसेल तर रोज पाणी तपास आणि रोज थोडं बदल.

जाळी वेगळी, बादली वेगळी, फडकं वेगळं. लहान टाकीत हात घातलास तर साबणाने धुतल्याशिवाय मोठीत घालू नकोस. तुम्ही डॉक्टर लोक एका तोंडातलं अवजार दुसऱ्या तोंडात घालता का? तसंच हे.

आणि रोज पाच मिनिटं नुसतं समोर बसून बघ. खातो का, कल्ले किती जोरात हलतात, कुठे अंग घासतो का. विसाव्या दिवशी तुला वाटेल, झालं की आता. वाटू दे. बेचाळीस दिवस.

त्या पोरीला सांग, पिवळा येतोय, पण त्याची तपासणी चालू आहे.

माझी पाठ बरी आहे. बादली उचलायची नसल्यामुळे घरात करायला काही उरलं नाही, एवढंच. संध्याकाळी टाकीच्या जागी ठेवलेल्या कपाटाकडे बघत बसतो. कपाट हलत नाही.

मामा

२४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पिवळा तेरा तारखेला आणला. लहान टाकी एक्स-रेच्या खोलीच्या मागे, सामान ठेवतो तिथे मांडली. पाइपचे तुकडे टाकले, पण त्याने एकातही डोकं घातलं नाही. पहिले दोन दिवस त्याने काही खाल्लं नाही, मग समुद्री शेवाळाचा कागद चिमट्याला लावून दिला तर फडशा पाडला. सगळं तू सांगितल्याप्रमाणे चाललंय. काळजी करू नकोस.

कुलूप परवा येऊन गेली. आणि मामा, तिने तोंड उघडलं. पुरतं नाही, पण छोटा आरसा आत जाईल एवढं. दाढ वाटली होती त्याहून वाईट आहे, पण निदान दिसली तरी. तिच्या बाबाला इतका आनंद झाला की माझ्याऐवजी ताईंनाच दोनदा थँक्यू म्हणून गेला. पुढच्या खेपेला सुई देऊन काम करायचं ठरवलंय.

ठसकेबाई फणकाऱ्यात आहेत. पिवळा समोरून गेला की पाठ फिरवतात.

कपाट हलव तिथून. खिडकीकडे खुर्ची ठेव. आणि आमच्याकडे ये म्हणून मी किती वेळा लिहायचं?

तुझी,
भाची

२ मार्च

प्रिय मामा,

आज घाईत. माझी एक मैत्रीण आहे, तिच्याकडे अशीच खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्या माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आलेत. एक निळा दगडाला अंग घासतोय, दुसरा वरच्या पाण्यात तोंड काढून धापा टाकतोय. तिने मला विचारलं आणि मला काही सांगता आलं नाही. दुकानदार म्हणतो, टाकीतच औषध टाका, चार दिवसांत ठिपके जातात. तिने तसं करावं का?

लगेच कळव. कुरिअरने पाठवतेय, तूही तसंच पाठव. तिचा जीव टांगणीला लागलाय.

भाची

४ मार्च

प्रिय दातवालीबाई,

तुझ्या मैत्रिणीला सांग, मोठ्या टाकीत औषध अजिबात टाकू नकोस. ते तांब्याचं असतं. कोळंबी तासाभरात मरेल आणि तांबं दगडांत मुरून बसेल ते कायमचं.

ठिपके चार दिवसांत जातात हे खरं आहे, आणि तिथेच माणूस फसतो. ठिपका म्हणजे एक किडा असतो. तो माशाच्या अंगावरून गळून खाली वाळूत पडतो, कवच करून बसतो, आणि काही दिवसांनी एकाचे शेकडो होऊन परत वर येतो. मैत्रिणीला वाटेल, बरे झाले. पुढची खेप पहिलीपेक्षा वाईट असते.

तेव्हा आजच्या आज सगळे मासे बाहेर काढायला सांग. सगळे. ठिपके नसलेलेही. तिच्याकडे एखादी लहान टाकी असेलच. तिच्यात औषध घालायचं, पण एकदम नाही. दोन दिवसांत हळूहळू चढवायचं, आणि मोजायची किट आणून सकाळ-संध्याकाळ मोजायचं. कमी पडलं तर किडा मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो. अंदाजाने काही करायचं नाही. हवा जोरात सोडायची. पाणी रोज बदलायचं आणि बदललेल्या पाण्यात तेवढंच औषध घालायचं.

मोठी टाकी माशांशिवाय शहात्तर दिवस ठेवायची. कोळंबी राहू दे तिथेच. तिच्यावर तो किडा जगत नाही. खायला मासा नाही मिळाला की आपोआप संपतो. शहात्तर दिवस रिकामी टाकी बघणं जड जातं, हे तिला आधीच सांगून ठेव.

म्हातारा मासा असेल तर त्याला आधी पकड, आणि जाळीने नको, भांड्याने. जाळीत त्याची कातडी सोलवटते. तो खाणं सोडेल. चिंगळी बारीक करून लसणाच्या पाण्यात भिजवून दे, नाकाशी धर, नाही खाल्लं तर काढून टाक, दुपारी परत धर.

मैत्रिणीला म्हणावं, रडत बसायचं असेल तर मासे हलवून झाल्यावर बस. आणि माझा आशीर्वाद सांग. चूक झाल्यावर कोणाला तरी विचारावं, हे सगळ्यांना सुचत नाही.

तिची म्हातारी कशी आहे, तेवढं उलट टपाली कळव.

मामा

१२ मार्च

प्रिय मामा,

मैत्रीण वगैरे कोणी नाही. तुला ते कळलं होतं हे मला चार तारखेच्या पत्रातल्या पहिल्या ओळीलाच कळलं. तरी तू शेवटपर्यंत तिला 'मैत्रीण'च म्हणालास. ते वाचून मी एक्स-रेच्या खोलीत जाऊन रडले. मासे हलवून झाल्यावरच.

काय झालं ते सांगते. पिवळ्याला मी नऊच दिवस वेगळं ठेवलं. बावीस तारखेला कुलूप येणार होती आणि मी तिला कबूल करून बसले होते. तपासणी चालू आहे वगैरे मी तिला सांगून बघणार होते, पण मग वाटलं, ती परत ओठ आवळेल आणि दाढ आणखी सडेल. पिवळा तर इतका चांगला दिसत होता. सकाळी आठ वाजता मी त्याला मोठ्या टाकीत सोडला. ती दहाला आली, काचेला नाक लावून उभी राहिली, तो तिच्यासमोर आला, आणि तिने तोंड उघडलं. त्या दिवशी मला वाटलं, मी जिंकले. तुला पत्र लिहिलं तेव्हाही तसंच वाटत होतं.

एक निळा चार तारखेला गेला, तुझं पत्र यायच्या आधी. सहा तारखेला बाकीचे हलवले. पिवळा नऊला गेला. शेवटच्या दिवशी पाइपच्या तुकड्यात जाऊन पडला होता. ठसकेबाई आणि दुसरा निळा आहेत. ठसकेबाईंचा एक डोळा पांढुरका झालाय आणि आज सहा दिवस त्यांनी काही खाल्लेलं नाही. मी प्रत्येक पेशंटनंतर आत जाते, चिंगळीचा कण त्यांच्या तोंडाशी धरते, त्या बघतही नाहीत.

सात तारखेला कुलूप आली. रिकामी टाकी बघून विचारलं, मासे कुठे? मी म्हटलं, सुट्टीवर गेलेत. तिने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. खुर्चीत बसली आणि ओठ मिटून घेतले. बाबाने विनवलं, मी विनवलं. काल तिचा गाल सुजला म्हणून फोन आला. गोळ्या लिहून दिल्यात. सूज उतरेल, पण दाढ काढावीच लागणार.

मामा, तो तुझा मासा आहे, मामीने निवडलेला. मी तुला खोटं लिहिलं. तुला काय म्हणायचं ते म्हण, पण म्हण.

तुझी,
भाची

२ एप्रिल

प्रिय मामा,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. आई म्हणते, तू बरा आहेस, घरी नसतोस, विचारलं तर 'काम आहे' म्हणतोस. तुला कसलं काम?

रागावला असशील तर ते बरोबरच आहे. एवढंच सांगायचं होतं की ठसकेबाईंनी सतरा तारखेला, अकराव्या दिवशी, खाल्लं. एक कण. दुसऱ्या दिवशी तीन. आता माझा अंगठा धरायला येतात. डोळा तसाच राहील बहुतेक.

भाची

९ एप्रिल

प्रिय बाळा,

रागावलो नाही. रागावलो असतो तर दुसऱ्याच दिवशी पत्र आलं असतं, तुला माहीत आहे मी कसा आहे. तुझं बारा तारखेचं पत्र वाचलं आणि मला लिहिता येईना. त्याचं कारण सांगतो. हे मी तुझ्या आईला सांगितलेलं नाही. मामीला तर ती असेपर्यंत कधीच नाही.

तू मला खोटं लिहिलंस म्हणतेस. ते खोटं एका ओळीतच उघडं पडलं होतं. ठसकेबाई पिवळ्याकडे पाठ फिरवतात म्हणे. मध्ये एक भिंत आणि एक्स-रेचं यंत्र असताना? मी तेव्हाच लिहायला हवं होतं की त्याला बाहेर काढ. पेन हातात घेतलंही. मग म्हटलं, पोरगी स्वतःहून सांगेल. आठ दिवस असेच गेले. म्हणजे त्यात माझाही वाटा आहे.

आता माझं ऐक. मी एकोणतीस वर्षांचा होतो, मत्स्यालयात लागून सहा वर्षं झाली होती. गोल दालनातली मोठी टाकी माझ्याकडे होती, दोनशेच्या वर मासे. एका बोटीने पकडलेले बारा नवे मासे आले, फुलपाखरासारखे रंग. ते वेगळ्या हौदात सहा आठवडे ठेवायचे, असा नियम होता. तो मीच नव्या लोकांना शिकवत असे. तेव्हा तुझ्या मामीशी माझं लग्न ठरत होतं. ती त्या रविवारी माझं काम बघायला येणार होती. मला तिला ते मासे दाखवायचे होते. हौदात नाही, मोठ्या टाकीत, वरून ऊन पडतं तिथे. सहाव्या दिवशी मी ते सोडले आणि नोंदवहीत 'मुदत पूर्ण' असं लिहिलं.

ती आली. तिला ते मासे फार आवडले. काचेसमोरून हलायला तयार नव्हती.

पुढच्या तीन आठवड्यांत दोनशे बारा मासे मेले. मी रोज सकाळी बादल्या भरून काढत होतो. चौकशी झाली. नोंदवहीत माझं सगळं ठीक होतं. पण त्याच दिवसांत एका दुपारी मोठा पंप दोन तास बंद पडला होता. पंपाकडे एक माणूस होता, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आम्ही डबा एकत्र खायचो. त्याने चौकशीत सांगितलं की पंप दोन तास बंद राहिल्याने असे मासे मरत नाहीत. त्याचं खरं होतं. साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणालो, "सांगता येत नाही, साहेब." बस्स, एवढंच बोललो मी. त्याची बदली गावाबाहेर सांडपाण्याच्या पंपावर झाली. त्यानंतर त्याने मत्स्यालयात पाऊल ठेवलं नाही आणि मीही त्याला कधी भेटायला गेलो नाही.

बेचाळीस वर्षं मी जो भेटेल त्याला सहा आठवड्यांचा नियम सांगत आलो. लोकांना वाटायचं, किती काटेकोर माणूस.

तू नऊ दिवसांचं मला तीन आठवड्यांत सांगितलंस. ते पत्र वाचून मला घरात बसवेना. तो माणूस कुठे आहे ते शोधत होतो. जुन्या कचेरीत गेलो, पेन्शनवाल्यांकडे गेलो, सांडपाण्याच्या पंपावर गेलो. काल पत्ता मिळाला. आहे. रविवारी जातो.

अकराव्या दिवशी एक कण खाल्ला, ही ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस.

मामा

१६ एप्रिल

प्रिय बाळा,

जाऊन आलो.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार त्यानेच उघडलं. केस सगळे गेलेत, बाकी तसाच. मी ओळख सांगायला लागलो तर म्हणाला, ओळखलं, आत ये. बसलो. मी रस्ताभर जुळवून आणलं होतं ते सगळं विसरलो आणि एकदम म्हणालो, "ते मासे माझ्यामुळे मेले. मी सहाव्या दिवशीच सोडले होते. वहीत खोटं लिहिलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, मलाच ऐकू आलं नाही, म्हणून मी कान पुढे केला. तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, "मला माहीत होतं. हौद रिकामा दिसला होता मला."

मी विचारलं, मग चौकशीत बोलला का नाहीस? तो म्हणाला, वाटलं, तू बोलशील. रोज वाटायचं, आज बोलेल. मग बदली झाली आणि वाटायचं थांबलं.

बाळा, त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने घरी आलो असतो.

मी म्हटलं, माझ्याकडून आता काय होण्यासारखं आहे? मला वाटत होतं, तो म्हणेल, जाऊ दे. तो म्हणाला, "नव्या कामाचं मला काही वाटलं नाही. घराजवळ होतं, वास येतो तेवढंच. पण माझी बायको बेचाळीस वर्षं म्हणतेय की मी त्या दुपारी पंपाशी झोपलो असेन. भांडण कशावरूनही होऊ दे, शेवटी तिथेच येतं. ती आत आहे. तिला सांग."

त्याने तिला हाक मारली. ती हात पुसत आली, माझ्यासमोर उभी राहिली. मी उभा राहिलो आणि तिला सगळं सांगितलं. मामीला दाखवायचं होतं, तेही सांगितलं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी काय म्हणालो, ते सांगितलं. माझं झाल्यावर ती नवऱ्याकडे वळली.

"म्हणजे तुम्ही झोपला नव्हता."

"नव्हतो. पंपाचा पट्टा तुटला होता. तो बदलत होतो. तुला तेव्हाच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी ऐकलं नाही."

ती आत गेली. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आली. पाहुण्याला आधी देतात, पण तिने पहिला कप नवऱ्याच्या हातात दिला आणि तो घोट घेईपर्यंत तिथेच उभी राहिली. मग मला दिला. साखर घालायची राहिली होती. मी तसाच प्यालो.

निघताना तो जिन्यापर्यंत आला. परत ये असं म्हणाला नाही, येऊ नकोस असंही म्हणाला नाही. मी पुढच्या रविवारी जाणार आहे. हाकलून दिलं तर परत येईन.

तुला यातून काही शिकवायचं म्हणून लिहीत नाही. शिकवण्याची माझी लायकी किती ते तू वाचलंसच. दुसरं कोणी नव्हतं सांगायला.

मामा

२६ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र मी दोन पेशंटांच्या मध्ये वाचलं आणि तिसऱ्याला वीस मिनिटं थांबावं लागलं. तुझ्याबद्दल मला काय वाटलं ते विचारशील, म्हणून सांगते. तू त्या बाईंसमोर उभा राहिलास, तेव्हा मी तिथे असायला हवं होतं. तुझ्या पाठीला हात द्यायला.

काल कुलूप आली. गालाची सूज परत चढली होती. तिचा बाबा तिला उचलूनच घेऊन आला. टाकी अजून रिकामीच. पंचेचाळीस-पन्नास दिवस झालेत, अजून जवळपास महिना आहे. म्हणजे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी बाबाला बाहेर बसवलं, माझं स्टूल तिच्या खुर्चीपेक्षा खाली केलं आणि सांगून टाकलं. मासे सुट्टीवर गेले नव्हते, ते आजारी पडले. पिवळा आजारी होता, पण दिसत नव्हता. त्याला बेचाळीस दिवस वेगळं ठेवायचं असतं, मी नऊच दिवस ठेवलं. पिवळा मेला आणि एक निळाही मेला. आणि तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले.

तिने विचारलं, "दुखलं का त्यांना?"

मी म्हटलं, "हो, दुखलं असणार."

मग म्हणाली, "केशरी?" मी तिला सामानाच्या खोलीत घेऊन गेले. आधी साबणाने हात धुवायला लावले, तिने कोपरापर्यंत धुतले. ठसकेबाई पाइपमधून बाहेर आल्या आणि आपला चांगला डोळा तिच्याकडे करून थांबल्या. ती खूप वेळ बघत होती. मग काचेकडेच बघत म्हणाली, "आधीच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की दुखणार नाही. खूप दुखलं."

मामा, तीन महिने मी त्या ओठांना पिवळा मासा दाखवत होते. हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

तिने विचारलं, "आता तू करशील ते दुखेल?"

"सुई टोचताना दुखेल. पाच आकडे मोजशील तेवढा वेळ. मग दाढ काढताना ओढल्यासारखं वाटेल, पण दुखणार नाही. दुखलं तर डावा हात वर कर, मी थांबेन."

"खरंच थांबशील?"

"थांबेन."

ती स्वतः चालत येऊन खुर्चीत बसली. तोंड उघडलं, पुरतं. मी सुई दिली, ती बोटांवर मोजत होती. डोळ्यांतून पाणी आलं, पण हलली नाही. मध्ये एकदा तिने डावा हात वर केला, बहुधा मी थांबते का ते बघायलाच. मी थांबले. तिने हात खाली घेतला. दाढ दोन मिनिटांत आली.

तोंडात कापूस घेऊन ती उतरली आणि मला दोन्ही हातांची बोटं दाखवली. एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन.

"हात," ती कापसातून म्हणाली. सात, म्हणजे. पाच नाही.

मी म्हटलं, बरोबर आहे, माझं चुकलं, सात. तिने मान डोलावली आणि बाबाचा हात धरून निघून गेली.

तुझी,
भाची